ढगाआडची कोजागरी

६ ऑक्टोबर २०२५, सोल

तीन दिवस झाले, गल्ली ओस पडलीय. भाजीवाली, लॉन्ड्री, माझा नेहमीचा नूडलवाला, सगळ्यांची शटरं खाली. छुसॉक, इथला सुगीचा सण, म्हणजे गावी जायचं. त्यात यंदा राष्ट्रस्थापना दिन आणि कोरियन लिपीचा हंगुल दिन दोन्ही लागून आले, त्यामुळे ३ ते ९ सलग सात दिवस सुट्टी. उरलो मी आणि कोपऱ्यावरचं चोवीस तासवालं दुकान.

ऑफिसने सणाची भेट दिली: स्पॅमचे, म्हणजे डुकराच्या मांसाचे डबे, छान सजवलेल्या खोक्यात. आपल्या दिवाळीच्या सोनपापडीचा हा इथला अवतार. मी पडले शाकाहारी. काल खोका खालच्या घरमालकीण आजींना नेऊन दिला, तर त्यांनी हात धरून आतच बसवलं.

सोंगप्यॉन चालले होते. तांदळाची पिठी गरम पाण्यात मळायची, तीळ-साखरेचं सारण भरायचं, मिटून अर्धचंद्र करायचा आणि पाइनच्या पानांवर वाफवायचा. पारी अंगठ्याने पातळ करता करता मी कधी कळ्या पाडायला लागले, कळलंच नाही. "हे काय?" आजी. माझ्या मोडक्या कोरियनमध्ये गणपती आणि एकवीस मोदक काही मावेनात. "आमच्याकडचं," एवढंच म्हणाले. जिचे सोंगप्यॉन सुबक तिची मुलगी देखणी, असं इथे म्हणतात. माझा कळीदार नग हातात धरून आजी बराच वेळ हसत होत्या.

आज सकाळी त्यांच्याकडे छारे, म्हणजे पितरांची पूजा. नव्या तांदळाचा भात, सोंगप्यॉन, फळं, दारूचा पेला. मुलगे, नातवंडं ओळीने वाकली. मी दारातच उभी होते. गच्चीत पान ठेवून कावळ्यासाठी ताटकळणारे बाबा आठवले. (दारू सोडली तर फार फरक नाही.)

छुसॉक आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला. गेल्या वर्षी तो नेमका अनंत चतुर्दशीला आला होता. इथे सामसूम आणि फोनवर पुण्याची मिरवणूक. यंदा त्यांचा अधिक महिना पडला, आपला पुढच्या वर्षी आहे. म्हणून सण सरकून थेट कोजागरीवर आला.

संध्याकाळी दूध आटवलं. चारोळी संपलेली, केशर आईने दिलेलं. गच्चीवर गेले तर आभाळ गच्च. पाहुणे गेल्यावर आजीही वर आल्या. आजच्या चंद्राकडे मागणं मागायचं असतं म्हणे. ढगांकडेच बघत त्यांनी हात जोडले, मग दोघींनी दूध प्यायलं.

जायफळ जास्त झालंय, म्हणाल्या.