मागील लॉगिनची वेळ

शाहूपुरीतील एका पतसंस्थेचा लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. एका सकाळी तेथील लेखनिक बाईंचा घाबऱ्या आवाजात फोन आला, "सर, काल पहाटे माझ्या नावानं कोण आत शिरलंय बघा की!" काळ्या पडद्यावर मागील लॉगिनची वेळ ०४:४२ दिसत होती. त्या सर्व्हरचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले होते; साडेपाच तास मिळवले की आदल्या दिवशीचे सकाळचे १०:१२ होतात, आणि त्या वेळी पिग्मीचा भरणा नोंदवायला त्या स्वतःच बसल्या होत्या. चूक माझी होती. ज्याला ही ओळ वाचायची आहे त्याच्या घड्याळात ती दिसली नाही, तर तिचा उपयोग उरत नाही. त्याच दिवशी मी वेळ भारतीय करून दिली.

ही ओळ येते कोठून, हे त्यांना समजावून सांगताना मला पुन्हा या रचनेचे कौतुक वाटले. लिनक्समध्ये परंपरेने लास्टलॉग नावाची एक फाइल असते. तिच्यात प्रत्येक वापरकर्त्यासाठी २९२ बाइटचा एकच कप्पा असतो, ज्यात ४ बाइट वेळेसाठी, ३२ टर्मिनलच्या (ज्या पडद्यावरून लॉगिन झाले त्याच्या) नावासाठी आणि २५६ दूरच्या यंत्राच्या नावासाठी राखलेले असतात. वापरकर्त्याच्या क्रमांकाला २९२ ने गुणले की त्याचा कप्पा थेट सापडतो, शोधाशोध करावी लागत नाही. खरी महत्त्वाची गोष्ट क्रमाची आहे: पासवर्ड जुळल्यावर आधी जुनी नोंद वाचून पडद्यावर दाखवली जाते आणि मगच त्या जागी आताची वेळ लिहिली जाते. हा क्रम उलटला, तर प्रत्येकाला स्वतःचीच या क्षणाची वेळ दिसेल.

एका कप्प्यात इतिहास मावत नाही, म्हणून सगळ्या येण्याजाण्याची नोंद डब्ल्यूटीएमपी या वेगळ्या फाइलमध्ये आणि फसलेल्या प्रयत्नांची बीटीएमपीमध्ये होते. वेळेचे ते ४ बाइट मात्र १९ जानेवारी २०३८ च्या पुढे अपुरे पडतात, म्हणून आता लास्टलॉग२ सारखी नवी व्यवस्था एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या तक्त्यात अधिक बाइटच्या आकड्याने वेळ साठवते. विंडोजच्या डोमेनमध्ये, म्हणजे एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या संगणकांच्या जाळ्यात, वेगळाच पेच आहे: लॉगिन तपासणारा प्रत्येक सर्व्हर (डोमेन कंट्रोलर) मागील लॉगिनची आपापली अचूक वेळ ठेवतो, पण सर्वांमध्ये वाटली जाणारी नोंद साधारण दोन आठवडे मागे असू शकते. त्या नोंदीवरून कोणाचे खाते "बंद पडलेले" ठरवण्याची घाई करू नये, असे मला मनापासून वाटते.

पंधरा दिवसांनी बाईंचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज शांत होता. "सर, मागचं लॉगिन रविवारी दुपारी साडेतीनचं दाखवतंय. रविवारी मी जोतिबाला गेले होते." मी डब्ल्यूटीएमपीतल्या नोंदी दाखवणारी लास्ट ही आज्ञा देऊन पाहिले, तर तेथे त्यांच्या नावाने अकरा मिनिटांचे सत्र होते आणि ते कार्यालयातल्याच दुसऱ्या संगणकावरून उघडलेले होते. वरिष्ठांपैकी एकाने अहवाल छापण्यासाठी त्यांचा पासवर्ड वापरला होता, तो टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहिलेला होता. मी पोहोचलो तोवर बाईंनी ती चिठ्ठी फाडली होती आणि नवा पासवर्ड कसा ठेवायचा, एवढेच त्यांनी मला विचारले.