एकाच घरातली पत्रं

आज दुपारपासून एकोणिसाव्या शतकातला ब्रिटिश राजकारणी बेंजामिन डिझरायली याने बायकोला लिहिलेली पत्रं वाचतेय. १८६७ च्या अखेरीस लंडनच्या घरी मेरी अ‍ॅन खूप आजारी पडली आणि पाठोपाठ तोही अंथरुणाला खिळला. त्याच वर्षी त्याने मताधिकार वाढवणारा कायदा पार्लमेंटमध्ये मंजूर करून घेतला होता, पुढच्या फेब्रुवारीत तो पंतप्रधान झाला. आणि हा माणूस एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चिठ्ठ्या पाठवतोय! उताणं पडून लिहितोय म्हणून पेन्सिलीबद्दल माफीही मागतो. एकीत म्हणतो, घराचं इस्पितळ झालंय, पण तुझ्यासोबतचं इस्पितळ मला दुसऱ्या कुणासोबतच्या राजवाड्याच्या तोडीचं आहे. हे मी पुन्हा पुन्हा वाचलं.

लग्न १८३९ चं. ती बारा वर्षांनी मोठी, विधवा, पैसेवाली. तो कर्जात बुडालेला. पैशासाठीच केलं, असं लोक म्हणत. तिने मात्र या चिठ्ठ्या जिवापाड जपल्या. त्याचे केसही तीच कापायची आणि पुड्यांत बांधून ठेवायची. १८७२ मध्ये ती गेली. तिने १८५६ सालीच त्याच्यासाठी पत्र लिहून ठेवलं होतं: एकटा राहू नकोस.

त्याचं साम्राज्याचं राजकारण मला कधीच पटलं नाही, आजही पटत नाही. पण १८६८ मध्ये पंतप्रधानपद सोडताना त्याने राणीकडे सरदारकी मागितली ती मेरी अ‍ॅनसाठी, स्वतःसाठी नाही. त्यासाठी मात्र तो मला मनापासून आवडला.