पोर्टलंडचे कातकाम-संमेलन आणि मॅड्रोनचा ओला ठोकळा

लाकडी कातकामाच्या, म्हणजे लेथ या यंत्रावर लाकूड फिरवत त्याला हत्याराने आकार देण्याच्या कलेच्या, अमेरिकेतील राष्ट्रीय संमेलनाला मी मे २०२४ मध्ये जाऊन आले. माझ्यामागून जाणाऱ्या मराठी मंडळींना सर्वांत आधी सांगायची गोष्ट ही की, तेथे लाकूड विकत घेऊ नका. हत्यारे घ्या, लेथवर लाकूड पकडणारा चक घ्या, धार लावण्याचे चाक घ्या. पण सर्व बाजूंनी मेण फासलेला आणि ‘पूर्ण वाळलेला आहे’ असे सांगून पुढे केलेला ठोकळा कितीही सुंदर दिसला तरी जागेवर ठेवून पुढे चला. मी तसे केले नाही. त्याची किंमत मला दोनशे चाळीस डॉलर पडली, आणि अजून ते प्रकरण संपलेले नाही.

हे संमेलन अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स ही संस्था दरवर्षी भरवते आणि गाव दरवर्षी बदलते. २०२३ साली ते लुईव्हिलला होते, २०२४ साली २३ ते २६ मे या चार दिवसांत ओरेगन राज्यातील पोर्टलंडला झाले आणि त्यानंतरचे, जून २०२५ मधले, मिनेसोटातील सेंट पॉल येथे, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या गावी होते. मी ॲरिझोनाच्या वाळवंटातील फीनिक्सजवळ राहते, घराच्या गॅरेजमध्ये लेथ आहे आणि सहा वर्षे कातकाम करते आहे. ज्यांनी अजून लेथला हात लावलेला नाही त्यांच्यासाठी हा मजकूर नाही. ज्यांना वाडगा कातता येतो आणि गाऊजला, म्हणजे कातण्याच्या पन्हळी हत्याराला, स्वतः धार लावता येते त्यांनीच एवढा खर्च करून जावे, कारण तेथे पायाभूत गोष्टींपाशी फार वेळ कोणी थांबत नाही.

आता त्या ठोकळ्याविषयी. व्यापारी दालनात शुक्रवारी दुपारी मला पॅसिफिक मॅड्रोनचा एक गोल ठोकळा दिसला: अकरा इंच व्यास, चार इंच जाडी, आणि मेणाच्या पातळ थराखालून दिसणारा फिकट गुलाबी रंग. मॅड्रोन हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे झाड आहे. त्याची साल पापुद्र्यांनी सुटते आणि आतले लाकूड इतके घट्ट व एकजीव असते की धारदार हत्याराने कातल्यावर पॉलिश कागदाची जवळजवळ गरज उरत नाही. फीनिक्समध्ये ते सहसा मिळत नाही. विक्रेत्याला मी दोनदा विचारले की हे ओले आहे का, आणि दोन्ही वेळा त्याने सांगितले की ते दोन वर्षे शेडमध्ये ठेवून वाळवलेले आहे. मी एकशे चाळीस डॉलर दिले. पावतीवर ‘परत घेतले जाणार नाही’ असे छापलेले होते, तेही मी वाचले होते.

ज्या गोष्टी मला तेव्हाच कळायला हव्या होत्या त्या अशा. वाळलेल्या लाकडाला सगळीकडून मेण लावायचे कारणच नसते. मेण लावतात ते ओल्या लाकडातील पाणी एकदम उडून जाऊन ते उलू नये म्हणून, आणि तेवढ्याच कारणाने मेण लावलेला ठोकळा फार सावकाश वाळतो. उघड्या लाकडाला वाळायला इंचभर जाडीमागे सुमारे एक वर्ष लागते असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. तेव्हा चार इंच जाडीचा आणि वर मेण फासलेला ठोकळा दोन वर्षांत आतपर्यंत वाळणे शक्य नव्हते. पाणी मोजण्याच्या यंत्राची टोके मेणावर टेकवून दाखवलेला आकडाही विश्वासार्ह नसतो, कारण तो फक्त पृष्ठभागाजवळच्या थराचा असतो.

यंत्राशिवायही मला ते कळले असते, आणि ज्यांना मॅड्रोनचा मोह टाळता येणार नाही त्यांनी निदान एवढे करावे. सामान मोजण्याचा हातातला तराजू बरोबर न्या. अकरा इंच व्यास आणि चार इंच जाडी म्हणजे सुमारे सव्वासहा लिटर घनफळ होते. वाळलेल्या मॅड्रोनचे वजन लिटरमागे सुमारे आठशे ग्रॅम असते. म्हणजे ठोकळा खरोखर वाळलेला असता तर पाच किलोच्या आसपास भरला असता. माझा ठोकळा घरी आल्यावर सहा किलो शंभर ग्रॅम भरला. एक किलोहून जास्त पाणी मी लाकडाच्या भावाने विकत घेतले होते. तराजू माझ्याकडे होता, पण तो फीनिक्सच्या घरातील खणात पडला होता.

रविवारी संध्याकाळी विमानतळावर त्याच पाण्याचे मी पुन्हा पैसे मोजले. देशांतर्गत विमानात खाली जाणाऱ्या पेटीला पन्नास पौंडांची मर्यादा असते आणि माझी पेटी छप्पन्न पौंड भरली. वरच्या सहा पौंडांसाठी सरसकट शंभर डॉलर पडले. सात इंचांहून लांब हत्यारे विमानात जवळ ठेवू देत नाहीत, त्यामुळे गाऊज बाहेर काढता येत नव्हते, आणि ठोकळा हाती घ्यावा तर हातातली पेटी मी प्रदर्शनात मांडलेल्या वस्तूंनी भरलेली होती. मागे रांग उभी होती. मी पैसे दिले.

ठोकळा टपालाने पाठवता आला असता. टपाल खात्याच्या एकाच दराच्या मोठ्या खोक्यात, जिथे सत्तर पौंडांपर्यंत वजन विचारले जात नाही, तो तीस डॉलरच्या आत घरी पोहोचला असता. पण संमेलन संपले रविवारी आणि दुसऱ्या दिवशी सोमवारी मेमोरियल डेची सुट्टी होती; म्हणजे दोन्ही दिवस टपाल कार्यालय बंद. पाठवायचे असेल तर शुक्रवारीच पाठवा आणि त्यासाठी एका प्रात्यक्षिकावर पाणी सोडावे लागले तरी सोडा. शिवाय त्या लांब सुट्टीमुळे परतीचे विमान आणि हॉटेल दोन्ही महाग पडले. शनिवारी रात्री निघणे स्वस्त पडले असते, आणि रविवारी सकाळचा भाग चुकला म्हणून फारसे बिघडले नसते असे माझे मत आहे.

ठोकळ्याचा शेवट घरी चौथ्या दिवशी झाला. पोर्टलंडच्या उघड्या शेडमध्ये ठेवलेल्या लाकडात ऋतूनुसार सुमारे बारा ते सतरा टक्के पाणी टिकून राहते. फीनिक्सच्या जूनमध्ये तेच पाच टक्क्यांच्या आसपास येते, आणि माझ्या गॅरेजमध्ये दुपारी पंचेचाळीस अंशांवर पारा जातो. त्या उष्णतेत मेण मऊ होऊन फळीवर उतरले होते. मी भांड्याचे तोंड आखायला ठोकळा उचलला, तेव्हा मध्यापासून कडेपर्यंत एक चीर गेलेली दिसली. त्यात पोस्टकार्ड घातले तर ते अर्ध्यापर्यंत आत गेले आणि बाहेर काढले तेव्हा त्याची कड ओली होती. विक्रेत्याला मी छायाचित्रांसह पत्र पाठवले. लाकूड हा नैसर्गिक पदार्थ आहे आणि त्यात बदल होतातच, असे दोन ओळींचे उत्तर आले. बदल होतात हे मलाही ठाऊक आहे. माझा प्रश्न ‘वाळलेले’ या शब्दाविषयी होता, आणि त्याचे उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

ज्यासाठी प्रत्यक्षात जायचे ती प्रात्यक्षिके मात्र पैसे वसूल करणारी आहेत, आणि त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. एकाच वेळी अनेक दालनांत दीड-दीड तासाची प्रात्यक्षिके चालतात, त्यामुळे सर्व पाहणे अशक्य असते. मोठे नाव पाहून दालन निवडू नका. आपल्या हाताला जी एक गोष्ट जमत नाही ती ठरवा आणि तेवढीच शोधत फिरा. माझी अडचण पोकळ भांड्यांची होती. संस्था १९८६ साली स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष झालेले डेव्हिड एल्सवर्थ हे लहानशा तोंडातून वाकडे हत्यार आत घालून पातळ भिंतीची भांडी कातण्यासाठीच जगभर ओळखले जातात, आणि ती रीत आता तेथे अनेकजण शिकवतात. आत चाललेले हत्यार डोळ्यांना दिसत नाही. कातारी ते कानाने ऐकतो. ज्या प्रात्यक्षिकाला मी बसले होते तेथे सांगणाऱ्याने बोलणे थांबवले, सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले आणि भिंत पातळ होत जाताना आवाजाची पट्टी कशी बदलत जाते ते ऐकवले. ती पट्टी मी त्याआधी शेकडो वेळा स्वतःच्या लेथवर ऐकली असेल, पण तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला. घरी आल्यावर दुसऱ्याच भांड्याची भिंत मला पहिल्यांदा एकसारखी साधली. त्या आनंदात मी हे लिहिते आहे, म्हणून येथे माझी शिफारस थोडी जास्त जोरात होत असेल.

बसताना पहिल्या रांगेचा आग्रह धरू नका. प्रत्येक दालनात कॅमेरे आणि मोठे पडदे असतात, आणि धारेमागचा उतार लाकडावर कसा टेकला आहे ते पडद्यावर जितके जवळून दिसते तितके पहिल्या रांगेतूनही दिसत नाही. ओले लाकूड कातत असतील तर पहिल्या रांगेत अंगावर पाणी उडते. बूट मात्र चांगले घाला, कारण दिवसभर काँक्रीटच्या फरशीवर चालणे होते.

प्रवासाबद्दल एवढेच की, पोर्टलंडला भाड्याची मोटार घेऊ नका. मला एका परिचितांनी घ्यायला सांगितली आणि चार दिवस ती हॉटेलच्या तळघरात पैसे खात उभी राहिली. विमानतळावरून निघणारी मॅक्स या शहरी रेल्वेची लाल मार्गिका थेट कन्व्हेन्शन सेंटरच्या दारात सोडते आणि तिकीट दोन डॉलर ऐंशी सेंट होते.

व्यापारी दालनात काय घ्यावे याविषयी माझे मत स्पष्ट आहे: पोलाद घ्या. ओरेगनमध्ये विक्रीकर नाही, त्यामुळे महाग वस्तू तेथे घेणे परवडते. मी दोन गाऊज बिनमुठीचे घेतले आणि मुठी घरी कातल्या, त्यामुळे पैसेही वाचले आणि पेटीत जागाही. हत्यार विकत घेण्यापूर्वी ते तेथेच चालणाऱ्या लेथवर धरून पाहू द्या असे निःसंकोच म्हणा. चांगले विक्रेते नाही म्हणत नाहीत. हत्यारांच्या धारा जाड पुठ्ठ्यात गुंडाळूनच पेटीत ठेवा.

आपल्या वस्तू मात्र अवश्य न्या. इन्स्टंट गॅलरी नावाच्या दालनात येणारा कोणीही आपले काम मांडू शकतो, आणि शेकडो हातांचे काम एकाच छताखाली पाहायला मिळते. गंभीर आजारी मुलांना उपचारांदरम्यान मिळालेले मणी ठेवता यावेत म्हणून सभासद झाकणाच्या डब्या कातून आणतात, त्यांचा ढीगही तेथे पाहिला. मी दोन वाडगे आणि कुंकवाचा एक करंडा नेला होता. वाडग्यांपाशी कोणी थांबले नाही. करंड्यापाशी मात्र लोक पुन्हा पुन्हा येत राहिले, कारण त्यावर लाखेचे पट्टे होते. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडाला धरते आणि मग केवड्याचे पान दाबून तिला चकाकी आणतात, हे मी किमान वीस जणांना सांगितले असेल. सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी फळे किंवा चन्नपट्टणची खेळणी ज्यांच्या घरी आहेत, त्यांनी एखादी जुनी वस्तू बरोबर नेली तरी अनोळखी माणसांशी बोलायला दुसरे निमित्त लागणार नाही.

ठोकळा मी टाकला नाही. चिरेच्या रेषेवर तो कापून दोन अर्धुके केली आणि दोन लहान वाडगे इंचभर जाड भिंतीचे ठेवून कच्चे कातले. पहिल्याच कापाला छिलके ओल्या फितीसारखे निघाले आणि चेहऱ्यावरच्या ढालीवर पाण्याच्या थेंबांची सरळ ओळ उमटली. मॅड्रोन वाळताना भयंकर वेडावाकडा होतो, म्हणून ते कातल्यावर उकळतात. मी अंगणात मोठ्या पातेल्यात दोन्ही वाडगे दोन तास उकळले, तेव्हा पाणी कोऱ्या चहासारखे तांबूस झाले. आता ते कागदी पिशव्यांत, त्यांच्याच छिलक्यांत पुरून, घरातील कपाटात ठेवले आहेत आणि दर रविवारी मी त्यांचे वजन त्याच तराजूवर करते. मोठा वाडगा गेल्या तीन रविवारी नऊशे चाळीस, नऊशे दहा आणि नऊशे ग्रॅम भरला. वजन तीन आठवडे स्थिर राहिले की तो पुन्हा लेथवर चढवीन.