ऑक्सिजन सेन्सर घेताना डब्यावर नाही, जुन्या सेन्सरवर काय लिहिलंय ते वाचा

गेल्या आठवड्यात माझ्या जुन्या गाडीचा पुढचा ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टच्या पाइपात बसतो, धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते मोजतो) बदलला, आणि हा दीड महिन्यातला दुसरा. पहिला ऑनलाइन घेतला होता, डब्यावर मोठ्या कंपनीचं नाव होतं, कपलर (वायरींचा प्लग) बरोबर बसला, चेक इंजिनची लाइट गेली, मला वाटलं झालं काम. पाच आठवड्यांनी लाइट परत आली. गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला तर पी०१३५, म्हणजे सेन्सरच्या आतल्या हीटरचं सर्किट गेलं.

काढून मूळच्या सेन्सरशेजारी ठेवला तेव्हा फरक कळला. मूळच्याच्या सहा बाजूंच्या भागावर नंबर कोरलेला होता, इतक्या वर्षांच्या धुराकाजळीनंतरही नखाला लागत होता. नव्यावरचा नंबर नुसता छापलेला, पेट्रोलच्या फडक्याने एकदा पुसला तर अक्षरं फडक्यावर आली! त्या विक्रेत्याला काय म्हणायचं ते म्हटलं, पण पैसे आणि वेळ गेलाच.

हीटरला लोक महत्त्व देत नाहीत म्हणून जरा सांगतो. साध्या सेन्सरमधलं झिर्कोनिया, म्हणजे ऑक्सिजन ओळखणारं सिरॅमिक, साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट सिग्नल देत नाही. अगदी जुन्या गाड्यांत एकाच वायरचा सेन्सर असायचा, तो सायलेन्सरच्या गरमीवरच तापायचा, नंतर तीन-चार वायरींचे हीटरवाले आले. हीटर मेला की सेन्सर उशिरा जागा होतो, तोपर्यंत ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, अंदाजाने पेट्रोल सोडतो आणि गाडी जास्त पिते. नकली मालात आधी मरतो तो बऱ्याचदा हीटरच, कारण तिथेच काटकसर केलेली असते असं माझं मत झालंय.

आणि घ्यायच्या आधी एक बघा, की सेन्सर खरंच गेलाय का. चांगला सेन्सर इंजिन गरम झाल्यावर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मधे सारखा वरखाली होत असतो, म्हातारा झाला की संथ होतो, एकदम मरत नाही, म्हणून तर आपल्या लक्षात येत नाही. पण सेन्सरच्या आधी कुठे एक्झॉस्ट लीक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि चांगला सेन्सरसुद्धा मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी आहे, म्हणून सांगत बसतो. व्हॅक्यूमचा पाइप तडकलेला असला तरी पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ असल्याचा कोड, येतो. पी०४२० आला की लोक मागचा सेन्सर बदलून टाकतात, बऱ्याच वेळा थकलेला असतो त्याच्या आधीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा भाग, बिचारा सेन्सर खरंच सांगत असतो.

आता खरेदीचं. बॉश, डेन्सो, आणि एनजीकेचा एनटीके, हे सेन्सर बनवणारे लोक आहेत, गाड्यांच्या कंपन्या यांच्याकडूनच घेतात. तुमच्या गाडीत मुळात ज्याचा होता त्याचाच घ्या, जुन्यावरचा नंबर वाचून, आणि त्यांच्या अधिकृत विक्रेत्याकडून. गाडीच्या कंपनीच्या डब्यात तोच सेन्सर सहसा महाग पडतो. फक्त "या मॉडेलला चालतो" यावर जाऊ नका, एकाच मॉडेलमध्ये वर्षाप्रमाणे साधा सेन्सर किंवा एअर-फ्युएल रेशोवाला (हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण मोजणारा) असू शकतो, दिसायला सारखे पण कामाची पद्धत पूर्ण वेगळी, एकाच्या जागी दुसरा चालत नाही. दोन बँकांचं, म्हणजे सिलिंडरच्या दोन रांगांचं, इंजिन असेल तर एक नंबरचा सिलिंडर ज्या बाजूला ती बँक १, हे आधी पक्कं करा.

युनिव्हर्सल सेन्सर, म्हणजे कपलर नसलेला, वायरी तोडून जोडायचा, मी तरी घेणार नाही. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरींच्या तारांमधून आत मिळते, तिथे सोल्डर मारलं की ती वाट बंद. शिवाय रंगांचा घोळ, बॉशमध्ये हीटरच्या दोन वायरी पांढऱ्या आणि सिग्नलची काळी, तर डेन्सोमध्ये काळ्या दोन हीटरच्या आणि सिग्नल निळी. जुन्या गाडीचं वायरिंग आधीच कडक झालेलं असतं, त्यात अजून सांधा कशाला.

बसवताना २२ मिमीचा खाच असलेला सॉकेट वापरा, साधा पाना घसरतो आणि कडा गोल होतात. इंजिन थोडं कोमट असताना सुटतो, मी आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं. नव्याच्या आट्यांवर बहुतेक वेळा अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावूनच येतं, वरून थापू नका, टोकाला तर अजिबात लागता कामा नये. इंजिनला साधा सिलिकॉन सीलंट लावलेला असेल तर त्याच्या वाफेनेही नवा सेन्सर खराब होतो, सेन्सर-सेफ लिहिलेलाच वापरा.

बसवून गाडी गरम केली आणि स्कॅनरवर आकडा बघत बसलो, ०.२, ०.८, ०.३, ०.७, थांबतच नव्हता, फार बरं वाटलं. मूळच्या सेन्सरवरच्या नंबराचा फोटो काढून ठेवलाय. मागचा सेन्सर अजून पहिलाच आहे, गाडी पुढच्या वेळी वर घेतली की त्याचाही नंबर टिपून घेणार, काजळीने पार दिसेनासा व्हायच्या आत.