आमची वाटचाल: इंजिनाच्या माउंटिंगपासून बंदुकीच्या पॅडपर्यंत

सातारा एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये वडिलांनी ऐंशीच्या दशकात पहिला हँडप्रेस बसवला, तेव्हा काम एकच होतं, यंत्राचा हादरा खाणारे रबरी बुश आणि माउंटिंग. त्या वेळी साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना होता, 'प्रिया' इथूनच बाहेर पडायची, आणि त्या धंद्याच्या आसऱ्याने गावातल्या लहान वर्कशॉपांच्या चुली पेटायच्या. स्कूटरचा जमाना ओसरल्यावर आम्ही डिझेल इंजिन, पाण्याचे पंप आणि जनरेटर यांच्या माउंटिंगकडे वळलो. आजही निम्म्याहून जास्त पोट त्याच कामावर भरतं.

बंदुकीचं काम आमच्याकडे चालत आलं. सातारा हा फौजींचा जिल्हा. 'अपशिंगे मिलिटरी' असं गावाचं नावच पडावं इतकी इथली माणसं पलटणीत गेली. पेन्शनीत आलेले जवान परवान्याची बारा बोरची दुनळी घेऊन बँकेत गार्ड म्हणून उभे राहतात. असेच एक हवालदारसाहेब वडिलांकडे आले. म्हणाले, "आण्णा, इंजिनाचा हादरा खाणारं रबर करताय, मग माझ्या दुनळीचंबी काहीतरी बघा की. सरावाच्या दिवशी खांदा पार काळानिळा पडतोय."

वडिलांनी बंदूक आणू दिली नाही, आणि तो नियम आजही आहे. परवाना ज्याचा, हत्यार त्याच्याकडे. त्यांनी हवालदारसाहेबांना जाड पुठ्ठा दिला आणि सांगितलं, घरी दस्त्याचा, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडाचा, मागचा भाग यावर ठेवून टोकदार पेन्सिलीने कड फिरवून आणा, स्क्रूची दोन भोकंही उमटवा. तो पुठ्ठा अजून आमच्याकडे आहे. दस्त्याच्या मागे बसणाऱ्या रबरी पॅडची पहिली डाय, म्हणजे साचा, त्याच्यावरूनच कापली.

खांद्याला लागतं ते नेमकं काय, हे आम्ही गणिताने समजून घेतलं. बारा बोरच्या साध्या काडतुसातून साधारण 30 ग्रॅम छर्रा सेकंदाला 370-380 मीटर वेगाने बाहेर पडतो, आणि त्याच्या मागोमाग जळलेल्या दारूचा वायू सुटतो. जितका संवेग (वजन गुणिले वेग) पुढे जातो तितकाच मागे येतो. त्यामुळे तीन-सव्वातीन किलोची बंदूक सेकंदाला चार मीटरच्या आसपास वेगाने खांद्यावर येते. बंदूक जड असेल तर धक्का मऊ लागतो. तीन किलोच्या बंदुकीत अर्धा किलो वजन वाढलं, तर मागे येणारी ऊर्जा सुमारे 14 टक्के घटते. पण रात्रभर बँकेच्या दारात उभं राहणाऱ्या साठीच्या माणसाला अर्धा किलो जास्त उचलायला सांगणं काही बरोबर नाही.

रबर हा धक्का नाहीसा करत नाही. संवेग तेवढाच राहतो. पॅड दोन कामं करतं: थांबण्याचा वेळ लांबवतं आणि मार जास्त जागेवर पसरवतं. जुन्या दस्त्यांना मागे लोखंडी किंवा कडक प्लास्टिकची पट्टी असते. ती एका कडेवर टेकली की सगळा मार हाडावर बसतो.

तपासणीसाठी आम्ही शेडमध्ये एक घोडी उभी केली. तीन किलोचा लोखंडी ठोकळा 82 सेंटीमीटरवरून सोडला की खाली पोचताना त्याचा वेग सेकंदाला चार मीटर होतो, म्हणजे जवळजवळ बंदुकीइतकाच. खाली शाडूच्या ओल्या मातीचा गोळा आणि त्यावर पॅड. मातीत किती खोल खड्डा पडतो ते व्हर्नियरने मोजायचं. बंदूक न उडवता दिवसभर चाचण्या घेता येतात.

याच घोडीवर एक गोष्ट पक्की कळली, आणि ती आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. मऊ म्हणजे चांगलं, असं नाही. अंगठ्याने दाबल्यावर छान दबणारं पॅड ठोकळ्याखाली पूर्ण चेपतं, तळाला टेकतं, आणि उरलेला धक्का जसाच्या तसा पलीकडे जातो. मातीतला खड्डा मऊ पॅडखाली जास्त खोल निघायचा. फार कडक रबराचंही तेच. म्हणून आमच्या पॅडला वरचा थर मऊ, आत मधाच्या पोळ्यासारखे आरपार कप्पे आणि दस्त्याकडची बाजू कडक, अशी रचना आहे. कप्प्यांच्या भिंती आधी वाकतात, मग दबतात. भिंत जाड केली की पॅड अडून बसतं, पातळ केली की दोन पावसाळ्यांत चिरते.

तेलाचाही मोठा विचार करावा लागला. बंदूक पुसायला खनिज तेल वापरतात आणि नैसर्गिक रबर ते पितं, फुगतं, चिकट होतं. इंजिनाच्या कामामुळे हा त्रास आम्हाला ठाऊक होता. त्यामुळे दस्त्याला लागणारा थर आम्ही नायट्राइल रबराचा करतो आणि वरचा नैसर्गिक रबराचा. दोन्ही थर एकाच डायमध्ये, 150 अंशांच्या आसपास शिजतात आणि तिथेच एकमेकांना धरतात. डाय उघडल्यावर गंधकाचा वास शेडभर पसरतो. कडेला बाहेर आलेलं जादा रबर, म्हणजे फ्लॅश, कात्रीने काढायचं काम आमच्या मावशी करतात. पॅडची वरची कड गोल आणि गुळगुळीत हवी, नाहीतर बंदूक खांद्याला लावताना ती स्वेटरमध्ये अडकते. ही सूचना मावशींचीच.

पॅड लावलं की दस्त्याची लांबी वाढते, हे मात्र लोक विसरतात. इंचभर जाडीचं पॅड बसवलं आणि माणूस ठेंगणा असला, तर बंदूक खांद्याच्या खळग्यात न बसता दंडाकडे सरकते आणि जास्तच लागते. मग लाकूड तेवढं कापावं लागतं. ते काम आम्ही करत नाही, परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे पाठवतो. न कापता चालवायचं असेल, तर मोज्यासारखं चढवायचं पातळ पॅड देतो.

पुढे पाटण आणि जावळीकडचे शेतकरी येऊ लागले. तिकडे रानडुकरं आणि गवे उभं पीक तुडवतात, आणि पीक संरक्षणाच्या परवान्यावर बंदुका आहेत. काही जुन्या घरांत पूर्वी शिकारीसाठी घेतलेल्या .315 च्या रायफली आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या 1991 च्या दुरुस्तीने शिकार बंद झाली, पण रायफल परवान्यावर राहिली, नेमबाजीच्या रेंजवर चालते. मुंबईच्या एका निर्यातदारामार्फत आमची पॅड परदेशी शिकाऱ्यांपर्यंतही जातात.

त्याच निर्यातदाराकडून नळीच्या तोंडाशी बसवायच्या ब्रेकची गोष्ट कळली. त्याच्या बाजूच्या फटींतून वायू आडवा सुटतो आणि धक्का बराच कमी होतो. पण तोच वायू आवाज घेऊन उडवणाऱ्याच्या आणि शेजाऱ्याच्या कानाकडे वळतो. खांदा वाचतो, कान जातो. सायलेन्सरचं याच्या उलट: आवाज 20 ते 35 डेसिबलने उतरतो आणि धक्काही थोडा घटतो. तरी रायफलची गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असल्याने हवेत होणारा तिचा कडाका राहतोच. काही देशांत शिकारी तो सर्रास वापरतात. आपल्याकडे आवाज किंवा नळीच्या तोंडाचा जाळ कमी करणारा असा जोड निषिद्ध वर्गात मोडतो. विचारणा येते. आम्ही फोनवरच नाही म्हणतो, आणि ओळखीतून आलेल्यालाही तेच उत्तर मिळतं.

तरी आवाजाचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते तोच मोठा आहे. खांद्याचा काळा डाग आठवड्यात जातो. कान परत येत नाही. 140 डेसिबलवरचा एकच बार कानाला कायमची इजा करू शकतो, आणि बारा बोर किंवा मोठी रायफल त्याच्या वर जाते. आधी जातात ते बारीक स्वर. माणसाला बोलणं ऐकू येतं, पण शब्द उमगत नाहीत. नातवंडं काय म्हणतात ते पुन्हा विचारावं लागतं. उजव्या खांद्यावरून उडवणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, म्हणून तो आधी बिघडतो. आमचे हवालदारसाहेब बोलताना नेहमी उजवा कान पुढे करायचे.

नेम बिघडण्याचं कारणही बऱ्याचदा धक्क्यापेक्षा आवाज असतो. चाप ओढण्याआधीच डोळा मिटतो, खांदा आक्रसतो. कान नीट झाकले की तीच बंदूक हलकी लागते, असं आमची बहुतेक गिऱ्हाइकं सांगतात. म्हणून गेली काही वर्षं प्रत्येक पॅडच्या डब्यात आम्ही फोमच्या इअरप्लगची जोडी टाकतो, आणि पैसे न वाढवता टाकतो. डब्यावर मराठीत लिहिलेलं असतं: प्लग बोटांत वळून सुतळीसारखा बारीक करा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा, फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. नुसता टोकाला खोचलेला प्लग जवळजवळ कामाचा नाही. कापसाचा बोळाही नाही. रेंजवर प्लगवर इअरमफ, म्हणजे पूर्ण कान झाकणाऱ्या वाट्याही घाला. दोन्ही मिळून बेरीज होत नाही, पण आणखी पाचेक डेसिबलचा फरक पडतो.

2024 मध्ये पॅरिसला कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळे यांनी 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकल्यापासून आमच्या भागातली मुलंमुली रेंजवर जाऊ लागली आहेत. त्यांच्या .22 बोरच्या रायफलीला धक्का नावालाच असतो, पण बंद रेंजमध्ये तासन्‌तास उडणाऱ्या बारांचा आवाज साठत जातो. या मुलांच्या लहान कानात बाजारातले प्लग मावत नाहीत, अर्धे बाहेर राहतात. सध्या आम्ही लहान मापाच्या, धुऊन वापरता येणाऱ्या सिलिकॉन प्लगची डाय करतोय. तिसरा नमुना मुलांना देऊन पाहिला, त्याचा दांडा लांब असल्याने मफच्या आत टोचतो. तो आखूड करून चौथा येत्या महिन्यात निघेल.

पॅड हवं असेल तर पुठ्ठ्यावर दस्त्याची कड काढून पाठवा, स्क्रूच्या भोकांतलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा, आणि सोबत स्वतःची उंची कळवा. बंदूक आणू नका.