डेटाबेस 41 जीबी, मग 200 जीबीची डिस्क भरली कशी?

फेब्रुवारी म्हणजे पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यात द्राक्ष निर्यातीचा ऐन भर. पहाटेपासून बागांतून क्रेट येतात. तपासणी, वजन, पनेट म्हणजे छोटे डबे भरणं, प्रीकूलिंग, कोल्ड स्टोरेज आणि मग कंटेनर न्हावा शेवाच्या रस्त्याला. युरोपला जाणाऱ्या पेटीचा माग थेट बागेच्या नोंदणी क्रमांकापर्यंत लागावा लागतो. शेतमाल निर्यात बघणाऱ्या अपेडा या केंद्र सरकारच्या संस्थेची ग्रेपनेट व्यवस्था त्यासाठीच आहे. त्यामुळे पेटीवरचं लेबल छापायचं थांबलं की माल जागेवर थांबतो. आणि ते लेबल डेटाबेसमधून निघतं.

मी नाशकात सातपूरला बसून अशा दोन-तीन पॅकहाऊसचे डेटाबेस सांभाळते. त्या दिवशी सकाळी एका पॅकहाऊसमधून तिथला कॉम्प्युटर बघणाऱ्या मुलाचा फोन आला.

"ताई, डिस्क 98 टक्के दाखवतेय. पण डेटाबेस मोजला तर 41 जीबीच आहे. डिस्क 200 ची. बाकीची जागा गेली कुठं?"

प्रश्न अगदी नेमका होता. पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये पीजी_डेटाबेस_साइज हे फंक्शन चालवून त्यानं आकडा काढला होता, आणि तो आकडा खराच होता. पुढचं वाक्य ऐकून मात्र मी खुर्चीत सरळ झाले.

"मागच्या आठवड्यात मी वजनकाट्याच्या जुन्या नोंदी उडवल्या, तरी डिस्क वाढतच चाललीय. आता पीजी_वॉल म्हणून एक फोल्डर सापडलंय, त्यात ढिगानं फाइली आहेत, 16-16 एमबीच्या. जुन्या जुन्या उडवून टाकू का?"

"हात लावू नकोस. एकही फाइल नाही. मी येतेच मशीनवर."

पोस्टग्रेस कोणताही बदल मूळ टेबलाच्या फाइलीत नेण्याआधी वॉलमध्ये, म्हणजे राइट-अहेड लॉग या नोंदवहीत लिहितो. अडत्या लिलावाच्या वेळी आधी कच्च्या वहीत टिपतो आणि खातेवही सावकाश लिहितो, तसंच हे. मध्येच वीज गेली तर डेटाबेस उभा राहतो तो या वहीच्या जोरावर. त्यातल्या फाइली हातानं उडवल्या आणि नेमक्या लागणाऱ्याच गेल्या, तर सर्व्हर पुन्हा सुरूच होत नाही. त्या मुलानं उडवण्याआधी विचारलं, यासाठी त्याचं मला आजही कौतुक आहे.

मशीनवर गेले. डीएफ कमांडनं शिल्लक जागा 3 जीबी सांगितली. डीयूनं फोल्डर मोजले: डेटाचं 41 जीबी, पीजी_वॉलचं 146 जीबी. बेरीज 187. म्हणजे 200 मधले 13 उरायला हवेत, दिसतात 3. उरलेले 10 जीबी ईएक्सटी4 फाइल सिस्टीमनं रूटसाठी, म्हणजे मशीनच्या मुख्य प्रशासकासाठी राखून ठेवलेले असतात. वेगळं सांगितलं नाही तर ती पाच टक्के जागा बाजूला काढते आणि पोस्टग्रेस रूट म्हणून चालत नसल्यानं त्याला तिचा उपयोग नाही. मी ट्यून2एफएस वापरून ही राखीव जागा एक टक्क्यावर आणली. सर्व्हर बंद न करता शिल्लक 11 जीबी झाली. दुखणं बरं झालं नव्हतं, पण नीट बघायला वेळ मिळाला. काम भरात असताना वॉल ज्या वेगानं वाढत होता, त्या हिशेबानं दुपारच्या आत डिस्क संपली असती. वॉल लिहायला जागा नसली की पोस्टग्रेस पॅनिक देऊन सरळ बंद पडतो आणि जागा मिळेपर्यंत उठत नाही.

तेवढ्यात मालकांचा फोन. त्यांना सगळे नानाच म्हणतात.

"ताई, संध्याकाळी कंटेनर भरायचाय. लाइन थांबवू का?"

"थांबवू नका नाना. अर्धा तास द्या."

आता वॉल कशामुळे साचतो, हे शोधायचं होतं. एरवी चेकपॉइंट झाला, म्हणजे साचलेले बदल मूळ फाइलींत पोचले, की नको असलेल्या फाइली पोस्टग्रेस स्वतःच काढतो किंवा पुन्हा वापरतो. त्या धरून ठेवणारं कुणीतरी हवं. दुसऱ्या सर्व्हरवरच्या प्रतीसाठी वॉल राखून ठेवणारे स्लॉट ज्यात दिसतात, तो पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स हा व्ह्यू उघडला. एकच ओळ. अॅक्टिव्हच्या खाली एफ, म्हणजे बंद. वॉलच्या स्थितीत एक्स्टेंडेड, म्हणजे नेहमीच्या मर्यादेपलीकडे राखलेला. चालू वॉलच्या जागेतून त्या स्लॉटची रीस्टार्ट एलएसएन, म्हणजे तो जिथपासूनचा वॉल धरून आहे ती जागा, वजा केली, तर फरक जवळपास त्या 146 जीबीइतकाच.

"तुमचा दुसरा सर्व्हर कुठंय रे? नाशकातल्या ऑफिसातला?"

"ताई, ऑफिस हलवलं ना जानेवारीत. तो खोक्यात आहे अजून."

सगळं जुळलं. नाशिकच्या ऑफिसात या डेटाबेसची जिवंत प्रत चालायची. ते मशीन बंद झालं, पण इकडचा स्लॉट तसाच राहिला. स्लॉटचं कामच ते: प्रत जोवर वाचत नाही, तोवर वॉल सोडायचा नाही. प्रत खोक्यात, म्हणून मुख्य सर्व्हर तिच्यासाठी प्रत्येक पान जपून ठेवत राहिला. त्यात जुन्या नोंदी उडवल्या. डिलीटसुद्धा बदलच असतो, तोही वॉलमध्ये लिहिला जातो. जागा करायला केलेल्या कामानं डिस्क आणखी वेगानं भरली. शिवाय डिलीट केलेल्या नोंदींची जागा टेबलाच्या फाइलीतच राहते. व्हॅक्यूम, म्हणजे पोस्टग्रेसचं सफाईचं काम, ती फक्त नव्या नोंदींसाठी मोकळी म्हणून नोंदवतो, सहसा ऑपरेटिंग सिस्टीमला परत देत नाही. म्हणून त्या मुलाला 41 चा आकडाही खाली आलेला दिसला नव्हता.

स्लॉट काढला की वॉल सुटणार, पण ती प्रत कायमची मागे पडणार आणि नव्यानं उभी करावी लागणार. म्हणून आधी रात्रीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर पोचलाय का ते पाहिलं, फाइल उघडते का तेही पाहिलं. मग नानांना फोन केला आणि सरळ सांगितलं की आज रात्रीपर्यंत दुसरी प्रत नसेल, बॅकअप आहे.

"तुम्हाला योग्य वाटतं ते करा, पण माल थांबायला नको."

स्लॉट ड्रॉप केला, चेकपॉइंट दिला आणि डीएफ पुन्हा चालवलं. 98 टक्क्यांचे 22 टक्के झाले. पीजी_वॉलमध्ये जेमतेम 3 जीबी उरले. पलीकडून फोनवर लेबल प्रिंटरची खरखर मधूनमधून येतच होती. ती एकदाही थांबली नाही.

संध्याकाळी दुसरं मशीन खोक्यातून बाहेर आलं. रात्री पॅकिंग संपल्यावर पीजी_बेसबॅकअपनं नवी प्रत घेतली आणि नवा स्लॉट बांधला. या वेळी मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज 40 जीबीवर ठेवला. ही सोय पोस्टग्रेस 13 पासून, म्हणजे 2020 पासून आहे, पण मुळात मर्यादा नसते, ती आपणच घालावी लागते. आता प्रत पुन्हा कधी बंद राहिली, तर मर्यादेपलीकडे स्लॉट निकामी होईल, प्रत नव्यानं करावी लागेल, पण मुख्य सर्व्हर चालू राहील. निर्यातीच्या हंगामात मला हाच सौदा पटतो.

पुढच्या आठवड्यात त्या 41 जीबीच्या आत पाहिलं. तपासणीचं टेबल पीजी_रिलेशन_साइजनं मोजलं तर 180 एमबी, आणि पीजी_टोटल_रिलेशन_साइजनं मोजलं तर 17 जीबी. पहिलं फंक्शन टेबलाची मूळ फाइल तेवढी मोजतं. दुसरं इंडेक्स (शोध पटकन लागावा म्हणून ठेवलेली सूची) आणि टोस्ट (मोठ्या मजकुराची वेगळी जागा) हेही धरतं. पोस्टग्रेसचं एक पान 8 केबीचं. साधारण 2 केबीवर गेलेली नोंद तो आवळतो, मोठा मजकूर बाहेर टोस्टमध्ये ठेवतो, आणि इथं प्रत्येक लॉटच्या घडांचे फोटो डेटाबेसमध्येच भरलेले होते. वजनकाट्याच्या टेबलावर नोंदींपेक्षा इंडेक्सच मोठे निघाले. ते रीइंडेक्स कॉन्करंटलीनं रात्री नव्यानं बांधले. त्याला लेखन थांबवावं लागत नाही.

व्हॅक्यूम फुल मात्र हंगामात केलं नाही. ते टेबल पूर्ण कुलूपबंद करतं, नवी प्रत लिहायला तेवढी जागा वेगळी मागतं आणि तोवर त्या टेबलावर वाचनसुद्धा होत नाही. मे महिन्यात पॅकहाऊस शांत झालं, तेव्हा केलं.

आता रोज सकाळी त्या मुलाकडून तीन आकडे येतात: डेटाबेस किती, पीजी_वॉल किती, डिस्कवर शिल्लक किती. स्लॉट चालू आहे की नाही हे तो चौथ्या ओळीत लिहितो, ते मी सांगितलेलं नाही. फोटो पुढच्या हंगामाआधी वेगळ्या फाइलींत हलवायचं ठरलंय. डेटाबेसमध्ये फक्त त्यांचा पत्ता राहील.