अ‍ॅम्बॅसेडरच्या इंजिनातील खडखड: टायमिंग चेनपर्यंत पोहोचण्याचा तपास

मार्क फोर अ‍ॅम्बॅसेडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनातून गेल्या पावसाळ्यापासून येणाऱ्या खडखडीचे मूळ आता सापडले आहे, आणि ते टायमिंग चेनमध्येच, म्हणजे क्रँकशाफ्टकडून कॅमशाफ्टला गती देणाऱ्या साखळीतच आहे, हे मी मोजमापाच्या आधारे सांगू शकतो. टायमिंग कव्हर, म्हणजे या चेनवरचे झाकण, अजून उघडलेले नाही. ते उघडण्याआधी कोणकोणत्या शक्यता कोणत्या क्रमाने बाजूला काढल्या, याची ही नोंद आहे. जुनी गाडी सांभाळणाऱ्या बहुतेकांकडे हा आवाज केव्हा ना केव्हा येतोच, आणि केवळ कानावर विसंबून इंजिन खाली उतरवल्याची उदाहरणे जळगाव-धुळे परिसरात मी बरीच पाहिली आहेत.

आवाजाचे वर्णन आधी नेमके करावे लागते, कारण पुढचा सगळा तपास त्यावर उभा राहतो. इंजिन स्लोवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, चालू असताना पुढच्या बाजूने, रेडिएटरच्या अंगाने, कोरडी आणि अनियमित खडखड येत होती. अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबला की ती जवळजवळ नाहीशी होई आणि पाय उचलताच, इंजिनाचा वेग उतरत असताना, पुन्हा ठळक होई. चाळीसगावहून कन्नडकडे जाताना औट्रम घाटाच्या चढावर इंजिन लोडवर असते, तेव्हा काहीच ऐकू येत नसे. परतीच्या उतारावर गिअरमध्ये गाडी सोडली की दरडीवर आपटून आलेला आवाज खिडकीतून स्पष्ट येई. बिगेंड (कनेक्टिंग रॉडचे क्रँकशाफ्टकडील टोक) किंवा मेन बेरिंगचा (क्रँकशाफ्टच्या आधाराचे बेरिंग) ठोका याच्या नेमका उलट वागतो, तो लोडवर वाढतो. त्यामुळे बेरिंगची शक्यता सुरुवातीपासूनच मला कमी वाटत होती, तरी ती तपासल्याशिवाय सोडायची नाही असे ठरवले होते.

हे इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज घराण्यातले आहे. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३.०२५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८८.९ मिलिमीटर, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये आणि वर पुशरॉड व रॉकर. क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरील लहान स्प्रॉकेटवरून (दात्यांच्या चाकावरून) चेन कॅमशाफ्टच्या दुप्पट दात्यांच्या स्प्रॉकेटवर जाते, त्यामुळे कॅमशाफ्ट निम्म्या वेगाने फिरतो. डिस्ट्रिब्यूटर, ज्याला आपल्याकडे सगळे डिलको म्हणतात, त्याला आणि ऑइल पंपाला गती मिळते ती याच कॅमशाफ्टवरून. चेन सैल झाली की केवळ व्हॉल्व्ह उशिरा उघडत नाहीत, तर डिलकोतील ठिणगी पाडणारे पॉइंटही उशिरा आणि अस्थिरपणे उघडतात. तपासाच्या दृष्टीने ही फार सोयीची गोष्ट आहे, कारण कव्हरच्या आत दडलेल्या चेनचा सैलपणा डिलकोची टोपी काढून बाहेरून पाहता येतो.

पहिले काम फॅन बेल्ट काढण्याचे होते. बेल्टवर चालणाऱ्या वॉटर पंपाचे आणि डायनॅमोचे बेरिंग घासले की येणारा आवाजही पुढूनच येतो, आणि त्यावरून चेनचा संशय घेणारे पुष्कळ असतात. बेल्ट काढून थंड इंजिन जेमतेम एक मिनिट चालवले. खडखड जशीच्या तशी राहिली. बेल्टशिवाय पाणी फिरत नाही आणि पंखाही फिरत नाही, त्यामुळे ही चाचणी आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी कोणी करू नये. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा हेडला ताप बसायला फार वेळ लागत नाही.

त्यानंतर टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली फट. या इंजिनाला हा गॅप १५ थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३८ मिलिमीटर ठेवतात. आठ व्हॉल्व्ह असल्याने नऊचा नियम लावावा: जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल त्याचा क्रमांक नऊमधून वजा करावा आणि उरलेल्या क्रमांकाचा गॅप बघावा. मात्र फट मोजण्याच्या पात्यांचा फिलर गेज इथे एका बाबतीत फसवतो. रॉकरच्या टोकाला, जिथे तो व्हॉल्व्हवर टेकतो, वर्षानुवर्षांच्या माराने खळगा पडलेला असेल तर गेजची पाती त्या खळग्यावरून पुलासारखी जाते आणि प्रत्यक्ष गॅप मोजलेल्यापेक्षा मोठा राहतो. माझ्या इंजिनात दोन रॉकरना असे खळगे होते, त्यामुळे गॅप बरोबर लावूनही बारीक टकटक थोडी उरली. पण ती टकटक नियमित आहे, इंजिनाच्या निम्म्या वेगाशी तिची लय जुळते आणि ती वरून, रॉकर कव्हरवरून येते. खडखड वेगळी आहे हे त्यामुळे अधिकच स्पष्ट झाले. रॉकर शाफ्ट उतरवून ते खळगे घासून घेण्याचा मोह मी मुद्दाम टाळला, कारण या इंजिनात रॉकर ब्रॅकेटचे काही नट हेडच्याच स्टडवर असतात. तेवढेच सैल केले तर हेडवरचा दाब असमान होतो आणि चांगले चाललेले हेड गॅस्केट गळू लागते. ते काम पाणी काढून, हेडचे सगळे नट क्रमाने सोडूनच करावे लागते.

बेरिंग आणि पिस्टन यांची तपासणी एकेक सिलिंडर बंद करून केली. प्लगची वायर काढताना ती बॉडीला टेकवून ठेवावी, मोकळी ठेवल्यास कॉइलवर ताण येतो. बिगेंडचा ठोका असेल तर तो सिलिंडर बंद करताच कमी होतो. पिस्टनचा स्लॅप, म्हणजे सैल पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटण्याचा आवाज, असेल तर तो थंड इंजिनावर जास्त आणि तापल्यावर कमी असतो. माझ्याकडे यांपैकी काहीच घडले नाही. उलट कोणताही सिलिंडर बंद केला तरी खडखड थोडी वाढली, आणि याचे कारण समजण्यासारखे आहे: तीन सिलिंडरवर क्रँकशाफ्टचा वेग प्रत्येक फेरीत अधिक चढ-उतार करतो आणि सैल चेनला मागेपुढे झटके बसतात.

ऐकण्यासाठी मी लांब स्क्रू ड्रायव्हरऐवजी रबरी नळी वापरतो. स्क्रू ड्रायव्हर धातूतून येणारा सगळाच आवाज कानात भरतो, नळी मात्र जिथे तोंड धराल तिथलाच आवाज प्रामुख्याने देते. टायमिंग कव्हर पत्र्याचे असल्याने ते आतला आवाज मोठा करून बाहेर टाकते, म्हणून कव्हरवर आवाज मोठा आहे एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. कव्हरच्या कडेला, ब्लॉकच्या ओतीव भागावर आणि डिलकोच्या बुडाशी नळी फिरवली असता डिलकोच्या बुडाशीही तीच खडखड मिळाली, आणि तिथून तपासाला खरी दिशा मिळाली.

आमच्या भागात जुन्या गाड्यांची कामे केलेले एक वयोवृद्ध मिस्तरी आहेत, त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांना हे सांगितल्यावर त्यांनी अहिराणीत एवढेच म्हटले, “भाऊ, पहिले डिलको दख, मंग चेन.” सल्ला अगदी नेमका होता. टायमिंग लाइटखाली (ठिणगीच्या क्षणी लुकलुकणाऱ्या दिव्याखाली) क्रँकशाफ्टच्या पुलीवरची खाच स्लोवर तीन-चार अंश मागेपुढे नाचत होती, पण डिलकोच्या शाफ्टचा बुश झिजलेला असला तरी खाच अशीच नाचते. दोन्हींतला फरक ड्वेल मीटर दाखवतो; ड्वेल म्हणजे पॉइंट जितके अंश मिटलेले राहतात तो कोन. बुश झिजला असेल तर शाफ्ट डगमगतो, पॉइंटचा गॅप बदलत राहतो आणि ड्वेल अस्थिर होतो. माझ्याकडे ड्वेल स्थिर होता आणि टायमिंग मात्र भटकत होते. म्हणजे शाफ्ट जागेवर सरळ फिरत होता, त्याला मिळणारी गतीच हिसके खात होती.

आता मुख्य मोजणी. पुलीच्या परिघाएवढी कागदाची पट्टी कापली आणि तिचे ३६० अंशांत भाग पाडले. परीघ ४५० मिलिमीटर असेल तर १० अंशांना १२.५ मिलिमीटर येतात, इतका साधा हा हिशेब आहे. पट्टी पुलीवर चिकटवली, चारही प्लग काढले, डिलकोची टोपी उतरवली आणि पुलीच्या बोल्टला पाना लावून क्रँकशाफ्ट नेहमीच्या दिशेने फिरवत आणला. एका जागी थांबून अंश टिपला, मग अत्यंत सावकाश उलट फिरवायला सुरुवात केली आणि डिलकोच्या टोपीखाली फिरणारा रोटर हलू लागला त्या क्षणी पुन्हा अंश टिपला. या दोन अंशांमधले अंतर म्हणजे सैलपणा. नव्या चेनच्या इंजिनात तो चार-पाच अंशांच्या आत असतो आणि १० अंशांच्या पुढे गेला की चेन बदलावी, असा छंदी मंडळींमध्ये चालत आलेला अंदाज आहे. माझ्या इंजिनात सर्वांत मोठे अंतर १२ अंशांचे आले.

‘सर्वांत मोठे’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे आणि त्यावर थोडे थांबावेसे वाटते, कारण ही चाचणी सांगणारे बरेच जण ही बाब सोडून देतात. कॅमशाफ्टवर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचा दाब सतत असतो. एखादा व्हॉल्व्ह उघडत असताना स्प्रिंग कॅमला मागे ढकलते, मिटत असताना पुढे ढकलते. क्रँक उलट फिरवू लागताच स्प्रिंगच कॅमला मागे रेटत असेल, तर कॅम चेनची वाट न पाहता लगेच मागे सरकतो आणि सैलपणा दिसतच नाही. म्हणून एकाच जागी मोजून चार अंश आले की निर्धास्त होणे धोक्याचे आहे. मी रोटर वेगवेगळ्या ठिकाणी थांबवून मोजले आणि कुठे ५, कुठे ९, कुठे १२ असे आकडे मिळाले. स्लोवर खडखड का होते, याचेही उत्तर यातच आहे: प्रत्येक व्हॉल्व्ह मिटताना कॅमशाफ्ट क्षणभर चेनच्या पुढे धावतो, सैल बाजू आणि ताणलेली बाजू यांची अदलाबदल होते आणि चेन कव्हरवर किंवा स्प्रॉकेटच्या दात्यांवर आपटते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ओढ एकाच दिशेला राहते आणि आवाज थांबतो.

या १२ अंशांत डिलकोच्या गिअरचा सैलपणाही मिसळलेला असू शकतो. तो वेगळा काढण्यासाठी रॉकर कव्हर उतरवून, अर्धवट उघडलेल्या व्हॉल्व्हच्या रॉकरवर डायल गेज लावला आणि रोटरऐवजी रॉकर केव्हा हलतो ते पाहिले. इथेही जागा बदलत मोजावे लागते. सर्वांत मोठा आकडा १० अंशांच्या जरा वर आला. म्हणजे दीड-दोन अंश गिअरचे, उरलेला सगळा चेनचा.

व्हॅक्यूम गेजने याला दुजोरा दिला. इग्निशन टायमिंग आधी नीट लावून घेतल्यावर इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डवर स्लोला पारा १६ इंचांवर स्थिर राहिला, तर एका मित्राच्या, काही काळापूर्वी इंजिन पूर्ण बांधलेल्या मार्क फोरवर तो १९ आहे. जळगावची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरच्या आसपास असल्याने उंचीमुळे पाऊण इंचापेक्षा अधिक घट येत नाही, आणि दोन्ही गाड्या इथल्याच आहेत. काटा थरथरत असता तर व्हॉल्व्ह किंवा गाइडकडे पाहिले असते. काटा खाली पण स्थिर असणे हे व्हॉल्व्ह टायमिंग मागे पडल्याचे लक्षण आहे. कंप्रेशन चारही सिलिंडरचे एकसारखे किंचित खाली होते आणि प्लगच्या छिद्रातून थोडे तेल सोडूनही फारसे वाढले नाही, म्हणून रिंगांवरचा संशय मिटला. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटल्याने चारही सिलिंडर सारखेच मागे पडतात.

तेलाच्या दाबाविषयी एक निरीक्षण नोंदवून ठेवतो. तात्पुरता लावलेला मेकॅनिकल गेज गरम इंजिनावर स्लोला १५ पौंड आणि चालताना ५० पौंड दाखवतो, जे या इंजिनासाठी ठीकच आहे. डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः धुळ्याकडे, पहाटेची थंडी पाच-सहा अंशांपर्यंत उतरते, तेव्हा २०डब्ल्यू-४० तेल घट्ट असते आणि खडखड पहिली काही मिनिटे दबून राहते. तेल पातळ झाले की ती वर येते. चेन झिजते ती दात्यांवर कमी आणि पिन व बुश यांच्यामध्ये जास्त, आणि तिथे खरखरीत काही शिरले की झीज वेगाने होते. काळ्या मातीची उन्हाळी धूळ एअर क्लीनरच्या फाटक्या गॅस्केटमधून आत जात असेल तर तेल कितीही चांगले वापरले तरी उपयोग नाही. माझ्या गाडीचे ते गॅस्केट आता बदलले आहे.

पुढचे काम ठरलेले आहे. चेन, दोन्ही स्प्रॉकेट, कव्हरचे गॅस्केट आणि ऑइल सील एकत्रच घेतले आहेत; झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली तर ती लवकर बिघडते. चेनचा ताण सांभाळण्याची व्यवस्था बी-सिरीज घराण्यात काळानुसार बदलत गेली, कुठे स्प्रॉकेटवर रबरी कडी तर कुठे तेलाच्या दाबावरचा टेन्शनर, त्यामुळे माझ्या इंजिनात काय निघते ते पाहून तो भाग मागवीन. रेडिएटर काढल्यावर पुलीच्या बोल्टचे वाकवलेले लॉक वॉशर आधी सरळ करायचे आहे. कव्हरचे बोल्ट दोन मापांचे असतात, म्हणून ते पुठ्ठ्यावर जागेनुसार टोचून ठेवीन, आणि तेल परतवणारी चकती कोणत्या बाजूने बसली आहे ते काढण्यापूर्वीच टिपून ठेवीन. जुनी चेन उतरवण्याआधी दोन्ही स्प्रॉकेटवरच्या खुणा समोरासमोर आणायच्या, नवे स्प्रॉकेट बसवल्यावर दोन्हींच्या कडा पट्टी लावून एका रेषेत आहेत का पाहायचे आणि फरक निघाल्यास क्रँकच्या स्प्रॉकेटमागे शिम (पातळ चकत्या) घालायच्या. कव्हर बसवताना बोल्ट आवळण्यापूर्वी पुली आत सरकवून सील मध्यावर आणून घ्यायचे, नाहीतर ते एका बाजूने घासून काही महिन्यांत गळू लागते. जुनी आणि नवी चेन एकाच खिळ्याला शेजारी टांगून लांबीतला फरक मोजीन. सुमारे अर्ध्या मीटरच्या चेनमध्ये पाच मिलिमीटर म्हणजे एक टक्का वाढ होते. तो आकडा आणि नव्या चेनवर पुन्हा केलेली रोटरची मोजणी पुढच्या नोंदीत देईन.